मधलं माप

काखेतली शिवण उसवल्याचा आवाज तसा काही मोठा नसतो, पण त्या सकाळी कारखान्याच्या कापड कापायच्या खोलीत तो सगळ्यांना ऐकू गेला, आणि सगळ्यांत आधी तिला. कोट तिच्या अंगावर नव्हता. अर्ध्या मिनिटापूर्वी होता. मॅनेजरबाईंनी “हात वर करा” म्हटलं तेव्हा तिने दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले होते आणि कोट कुठेही ओढला गेला नव्हता, बाही दंडावर गुमान बसली होती. मग बाईंनी तोच कोट तिच्या अंगावरून उतरवून घेतला, पॅकिंगमधल्या एका बाईला बोलावून तिला घातला आणि तिलाही हात वर करायला सांगितलं. तिचंही माप मधलंच. तिचे हात खांद्यापर्यंत पोचले आणि टर्रकन शिवण गेली. पॅकिंगवाली घाबरून “मी काही नाही केलं” म्हणाली. भिंतीला लागून परत आलेल्या कोटांचे खोके छतापर्यंत रचलेले होते आणि प्रत्येक खोक्यावर एकच तक्रार लिहिलेली होती, की बायकांना यात हात वर करता येत नाही. ऑफिसांत काउंटरवर बसणाऱ्या बायकांचे कोट होते ते. दिवसभर वरच्या फळीवरच्या फायली काढायच्या, आणि हात खांद्याच्या वर जात नाही. तिला त्या सगळ्या अनोळखी बायका एकदम डोळ्यांपुढे दिसल्या, हात अर्ध्यावर अडकलेल्या. त्यांच्याबद्दल काहीतरी वाटायला हवं होतं. तिला फक्त चहा हवासा वाटत होता. कमरेला कोट आवळत होता हे तिचं तिलाच ठाऊक, कारण बटण लावताना ती श्वास आत ओढून उभी होती. तिच्याच अंगावर बेतलेला कोट तिलाच का आवळावा, हा प्रश्न त्या क्षणी तिला पडायला हवा होता, पण त्या दिवसांत तिला कसलेच प्रश्न पडत नसत.

तिचं काम उभं राहण्याचं होतं. तेरा वर्षं ती या कारखान्यात उभी राहत आली होती आणि त्याचाच तिला पगार मिळत होता. नवा कोट काढायचा झाला की कापड बेतणारे मास्तर तिच्या अंगावर कच्चं कापड टाकत, तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत, आणि त्यावरून पुठ्ठ्याचा नमुना निघे. तो मधल्या मापाचा. लहान मापं त्यातून उतरत, मोठी त्यातून चढत. म्हणजे बारीक बायका काय आणि जाड बायका काय, सगळ्यांचे कोट शेवटी तिच्याच अंगातून निघालेले असत. बाविसाव्या वर्षी ती बटणं लावायच्या कामासाठी म्हणून आली होती. मास्तरांनी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, हिला बटणांवर बसवू नका. छाती छत्तीस, कंबर अठ्ठावीस, दंड अकरा. टेप लावून पाहिली तर सुताचाही फरक नव्हता. तेव्हापासून कारखान्यात तिला सगळे ‘बॉडी’ म्हणायला लागले. एकदा सुताच्या कंपनीचा नवा माणूस आला असताना आतून कोणीतरी ओरडलं, “बॉडी आली का? टेबल रिकामं करा,” आणि तो बिचारा पांढराफटक पडून बाहेर बाकावर जाऊन बसला होता. त्या गोष्टीवर ते सगळे कितीतरी महिने हसले होते. तीही पोट धरधरून हसली होती. असं हसता येत होतं तेव्हा.

मास्तरांना लाकडी पुतळ्यांचा राग होता. लाकूड श्वास घेत नाही, म्हणत, त्याच्यावर बेतलेला कोट खुंटीलाच शोभतो. दोन पुतळे होते ते त्यांनी मोडून सरपणात घातले होते. टेपही ते फारशी काढत नसत, त्यांचा भरवसा तळहातावर. फक्त दर महिन्याच्या एक तारखेला तिला पार्सलच्या काट्यावर उभं करायचं आणि काटा चोपन्न किलोला थांबला की झालं, अंग जागेवर आहे. तेरा वर्षं काटा चोपन्नला थांबत होता. जिन्यावरून पडल्यानंतरही थांबत होता. पडली ती तीन वर्षांपूर्वी, याच कारखान्याच्या मागच्या जिन्यावर, हातात अस्तराचा गठ्ठा असताना. डोकं कठड्यावर आपटलं, थोडा वेळ शुद्ध गेली, कानामागे सहा टाके पडले. चौथ्या दिवशी ती कामावर हजर होती आणि आठवड्याभरात सगळे ते विसरलेही. तिच्याही ते लक्षात राहिलं नाही. त्यानंतर जे सुरू झालं ते इतक्या हळू झालं, की त्याला सुरुवात अशी नव्हतीच. घड्याळाचा पट्टा एक भोक आत गेला. मग आणखी एक. उन्हाळ्यात साऱ्या खोलीला घाम फुटायचा, हिची पाठ कोरडी ठणठणीत. कातडी कागदासारखी पातळ झाली, हात नेहमी गार. घागऱ्याचा हूक लागेना तेव्हा तिने हूक सरकवून घेतला. आंघोळीच्या वेळी आरशात तिला स्वतःचं अंग बाजूने दिसे. दंड पोकळ झालेले, मांड्या उतरलेल्या आणि पोट पुढे आलेलं, कोणीतरी हातापायांतलं थोडं थोडं काढून मधे आणून ठेवल्यासारखं. पण काटा चोपन्न म्हणत होता. काटा कशाला खोटं बोलेल, असं म्हणून ती टॉवेल गुंडाळून बाहेर येई.

तशात मास्तरही अलीकडे विचित्र वागायला लागले होते. या कोटाचा नमुना काढताना त्यांचा हात तिच्या कमरेशी आला आणि थांबला. पुष्कळ वेळ थांबला. मग ते मागे सरले, टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या, आणि त्या दिवशी लवकरच घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून तिला बसायला स्टूल. तेरा वर्षांत बसायला न सांगणारा माणूस, आता दर दहा मिनिटांनी बस म्हणू लागला. वरच्या मजल्यावरचं कापड आणायला तिला पाठवणं बंद झालं. जिने चढू नकोस, म्हणाले. जेवतेस का नीट, विचारलं. दोन-तीनदा मान खाली घालून असंही म्हणाले, की काही सांगायचं असलं तर सांग, मी कुणाला बोलणारा माणूस नाही. तिला वाटलं, म्हातारे व्हायला लागले मास्तर, जीव मऊ झाला. आपल्या सुस्तीचा त्यांना राग येत नाही यानेच तिचा जीव भांड्यात पडला होता. घरी तेवढंही सुख नव्हतं. घरी ताई होती, थोरली बहीण, पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसणारी, दोघींचाही संसार न झाल्यामुळे दोघींचा मिळून एक संसार करणारी. ताईच्या मते हिला आळसाने खाल्लं होतं. कामावरून आली की हातपाय न धुता भिंतीकडे तोंड करून पडते. मैत्रिणींकडे जात नाही, कुणी आलं तर आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. आधी अशी नव्हतीस, ताई म्हणायची, आता नुसती अंग चोरतेस. तिला उत्तर द्यावंसंही वाटत नसे. भिंतीच्या रंगाचा एक पोपडा सुटला होता, त्याकडे बघत पडून राहिलं की पुरे. वाईट वाटत होतं असं नाही. वाईट वाटायलाही अंगात काहीतरी लागतं.

तर त्या सकाळी शिवण उसवल्यावर मॅनेजरबाई मास्तरांसमोर नमुना धरून उभ्या होत्या. बाई वर्षभरापूर्वीच आल्या होत्या आणि त्यांना मास्तर पहिल्या दिवसापासून नको होते. त्यांनी स्वतः टेप लावून नमुन्याचं एकेक अंग मोजलं. छाती बरोबर. कंबर बरोबर. खांदे अर्ध्या इंचाने आत, दंडाला जवळजवळ पूर्ण इंच कमी, आणि बाही जिथे अंगाला जोडतात तो मुंढा त्याच हिशेबाने आवळलेला. म्हणजे मोठ्या मापांत तर विचारायलाच नको. बाई शांतपणे म्हणाल्या, मास्तर, दंड अकराचा धरायचा असतो हे तुम्हीच सगळ्यांना शिकवता ना? ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिचा दंड तेव्हा जेमतेम दहाचा होता. एवढंच सांगायचं होतं. पुढे होऊन बाही वर करून म्हणायचं होतं, टेप इथे लावा. त्यात काही अवघड नव्हतं आणि ते तिला शब्दाशब्दाने सुचलंही होतं. मास्तरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. एकदाच, पण रोखून. ती नजर तिने आपल्या परीने वाचली, बोल म्हणतायत, असं वाचलं, आणि ती होती तिथेच उभी राहिली. भीती वाटली म्हणावं तर छाती धडधडत नव्हती. नोकरी जाईल असा विचार आला असेल नसेल. बोलायला उठावं लागतं, कुठूनतरी आतून, आणि तिथे उठणारं कोणी नव्हतं. मास्तर म्हणाले, “नजर गेली माझी. चूक माझी आहे.” बाईंना एवढंच हवं होतं. चाळीस वर्षं कात्री चालवलेला माणूस त्या आठवड्याच्या शेवटी गेला. जाताना कात्री तेवढी घेऊन गेला, ती त्याची स्वतःची होती. तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि ठेवला नाही. संध्याकाळी घरी जाऊन ती जेवली. नेहमीएवढंच जेवली, आणि झोपली.

कारखान्यात लाकडी पुतळे आले. ती धागे कापायच्या टेबलावर गेली, तिथे बसायचं काम होतं, ते बरं होतं. सात महिने असे गेले. मग कारखान्यात वर्षाची तपासणी झाली आणि रक्ताचा कागद घेऊन ताईच तिच्या आधी दवाखान्यात पोचली, कारण कागदावर लिहिलं होतं की हिच्या रक्तातली चरबी साठीतल्या माणसाला शोभावी एवढी आहे आणि साखर काठावर आहे. ताईने डॉक्टरांपुढे तक्रारींचा पाढा वाचला, कशी पडून असते, कशी हालत नाही, मग चरबी साठणारच. या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी ताईला बाहेर बसायला सांगितलं. हिचा दंड बोटांनी धरून पाहिला, पोट पाहिलं, घाम येतो का विचारलं, आणि मग मधेच, दुसरंच काही लिहीत असल्यासारखं, विचारलं की डोक्याला कधी मार लागला होता का. नाही म्हणता म्हणता तिला जिना आठवला. मोठ्या इस्पितळात चाचणी झाली ती चांगलीच लक्षात राहण्यासारखी. शिरेतून औषध देऊन रक्तातली साखर मुद्दाम खाली उतरवायची आणि अर्ध्या अर्ध्या तासाने रक्त काढायचं. साखर उतरली तसे हात कापायला लागले, डोळ्यांपुढे कडा काळ्या झाल्या, काळीज धाडधाड उडायला लागलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा कपाळावर घामाचे बारीक थेंब उभे राहिले. तिला जवळजवळ आनंद झाला. नर्स विचारत होती, फार त्रास होतोय का, आणि ती म्हणत होती, राहू दे, अजून थोडं राहू दे.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोकं काढलं आणि डोक्याच्या बुडाशी एक ठिपका. वाटाण्याएवढी ग्रंथी असते, म्हणाल्या, पडलात तेव्हा तिला धक्का बसला. बाकी कामं ती करते आहे, एक सोडून दिलं आहे. लहानपणी माणूस ज्या रसाने वाढतो तो मोठेपणीही लागतो, उंचीसाठी नाही, अंगातला जमाखर्च बघण्यासाठी. तो नसला की स्नायू झिजतात आणि चरबी पोटात जाऊन बसते, हाडं विरळ होतात, रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो. वजन मात्र तेवढंच राहू शकतं. एकीकडून गेलं ते दुसरीकडे आलं. ती ठिपक्याकडे बघत राहिली. मग विचारलं, आणि हे कुणाकडे जावंसं न वाटणं? तेही त्यातलंच, त्या म्हणाल्या, उत्साह नसणं, माणसं नकोशी होणं, एकटं पडणं, पुष्कळांना होतं. तुमचा दोष नाही. हे शब्द बाहेर बसलेल्या ताईला नंतर रस्त्यात सांगितले तेव्हा ती हमसून हमसून रडली, लोक बघायला लागले तरी थांबेना. हिने मात्र खुर्चीतून उठण्याआधी आणखी एक विचारलं.

“बोलायला हवं तिथे माणूस बोलला नाही, तर तेही यानेच होतं का?”

डॉक्टरीणबाई हसल्या. “ते काही रक्तात दिसत नाही हो,” त्या म्हणाल्या.

रोज रात्रीचं जेवण झालं की पोटाच्या कातडीत एक सुई. पेनसारखं यंत्र असतं, आकडा फिरवायचा आणि टोचायचं. आधी ताई टोचत होती, तोंड दुसरीकडे करून. पहिले पंधरा दिवस बोटं सुजली, सांधे दुखले. मग एक दिवस बसच्या रांगेत उभी असताना पाठीवरून काहीतरी ओघळलं, मुंगी असेल म्हणून तिने हात मागे नेला, तर घाम. हळूहळू रस्ते लांबीने कमी व्हायला लागले. सकाळी उठल्यावर दिवस अंगावर येईना. तिसऱ्या महिन्यात पट्टा एक भोक बाहेर आला, हूक आत गेला. धाग्यांच्या टेबलावर कोणीतरी मॅनेजरबाईंच्या चालीची नक्कल केली आणि ती हसली, आणि हसताना तिला तिचंच हसू ओळखू आलं. ताई शेजारणीला सांगत सुटली, माझी बहीण परत आली. परत आली होती खरी. पण घर तीन वर्षं बंद असलं म्हणजे दार उघडल्यावर आत जे पडलेलं असतं ते आधी दिसतं. तिला मास्तर दिसायला लागले. धागा कापताना, दात घासताना, मधेच, “नजर गेली माझी.” त्या दिवशी वाटायला हवं होतं ते सगळं आता वाटायला लागलं, दहा-अकरा महिने उशिरा आणि एकदम. लाजेने कानशिलं तापायची. काळीज आता बरोबर धडधडायचं, चांगलं सशक्त धडधडायचं. ती स्वतःला सांगे, ती मी नव्हते, ती ग्रंथी होती. तुमचा दोष नाही, डॉक्टर म्हणाल्यात. आणि दुसऱ्या क्षणी आतून कोणीतरी विचारी, मग शब्दाशब्दाने सुचलं होतं ते कुणाला? ग्रंथीला? हात उचलायला शक्ती नव्हती असंही नाही, त्याच सकाळी तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवले होते. अंगातलं काय गेलं होतं हे आता कागदावर होतं, आकड्यांसकट. गेलेल्यात तिचं स्वतःचं किती होतं याचा कागद कुणाकडे नव्हता. तिला एकच दिसत होतं, की मास्तरांना भेटून ते एक वाक्य बोलल्याशिवाय ही गोष्ट संपणार नाही. आजार असेल तर तेही सांगता येईल. माणसं शहाणी असतात, समजून घेतील. उपचार सुरू होऊन आठ महिने झाले होते, मास्तरांना जाऊन सव्वा वर्ष, तेव्हा एका सुटीच्या दिवशी दुपारी ती पत्ता काढून निघाली.

एका धुलाईच्या दुकानामागे खोली होती. दुकानात येणाऱ्या कपड्यांचे उसवलेले काठ, तुटलेली बटणं मास्तर नीट करून देत. खिडकीत टेबल ओढून बसले होते, कापड नाकाला लागेल इतकं जवळ घेऊन. डोळे खरंच गेले होते आता, दोन्हींत सायीसारखं पांढरं उतरलं होतं. आवाजावरून त्यांनी तिला ओळखलं आणि इतक्या घाईने उभे राहिले की टेबलावरची डबी पडून टाचण्या सगळीकडे झाल्या. ती खाली बसून टाचण्या गोळा करायला लागली. वाकून बसता येत होतं, उठता येत होतं, हे तिला जाणवलं आणि त्या नादात किती वेळ गेला ते कळलं नाही. उठली तेव्हा टाचण्या मुठीतच होत्या. तिने ठरवलेलं वाक्य पाठ होतं, तेवढंच तिने म्हटलं.

“मास्तर, तो दंड माझा होता. नमुना बरोबर होता. मीच उतरले होते आणि मला माहीत होतं.”

“मलाही माहीत होतं,” मास्तर म्हणाले.

त्यांनी तिला बसवलं, चहा टाकायला म्हणून उठले, तो विसरले आणि परत येऊन बसले. मग ते बोलत राहिले, थांबत थांबत, कापडाची कड बोटांत धरून. कमरेशी हात गेला त्याच दिवशी कळलं होतं, म्हणाले. चाळीस वर्षं बायकांची मापं घेतोय, कंबर कशाने भरते ते हाताला कळतं. तू एकटी बाई. विचारणार कसं? कारखान्यात कळलं असतं तर त्यांनी तुला दुसऱ्या दिवशी दाराबाहेर काढलं असतं, आणि वर चार तोंडांनी बोलले असते. म्हणून कमरेचं मी रात्रभर बसून आठवणीने दुरुस्त करून घेतलं, तुझी जुनी कंबर मला पाठच आहे. दंडाकडे मात्र बघितलं नाही. अशा दिवसांत बाई दंडात उतरेल हे मनातच आलं नाही माझ्या. ते खोके परत आले तेव्हा उजेड पडला. पोटुशी असून काटा चोपन्नच म्हणतोय, म्हणजे ही जेवत नाही, काळजीने झुरतेय. त्या दिवशी ती बाई टेप घेऊन तुझ्याकडे वळणार म्हणून भीती वाटली मला. मी तुझ्याकडे बघितलं ना? गप्प राहा म्हणून बघितलं. राहिलीस, शहाणी पोर. ते थोडं हसले. हात न लावता, त्या पांढऱ्या डोळ्यांनी, तिच्या आकाराकडे वर-खाली पाहून म्हणाले, “कंबर साडेअठ्ठावीस. दंड पावणेअकरा. चांगली सावरलीस बाळंतपणातून. पोर कसं आहे? पोरगी, की पोरगा?”

खोलीमागे धुलाईचं यंत्र गरगरत होतं, त्याने टेबल बारीक थरथरत होतं. तिने सांगायला तोंड उघडलं. सांगण्यासारखं सगळं तिच्याजवळ होतं, जिना, ग्रंथी, वाटाण्याएवढी, सुई, कागद. पोर नाही मास्तर, नव्हतंच कधी. मग यांच्याजवळ काय राहील? सव्वा वर्ष या खोलीत, दुसऱ्यांचे फाटलेले काठ शिवत बसलेला माणूस, एका पोराला जगात येऊ दिलं म्हणून बसलेला. ते नाही म्हटलं की याने चाळीस वर्षांची कात्री टाकली ती एका जिन्याच्या पायरीसाठी. आणि ज्याचा हात कधी चुकला नाही त्याचा हातच चुकला होता, हेही तिनेच सांगायचं. पण सांगायलाच तर ती आली होती. खरं बोलून मोकळं व्हायला आली होती, आणि मोकळं होण्याची ही दुसरी आणि शेवटची वेळ होती. तिच्या तळहातांना घाम फुटला होता, टाचण्या मुठीत ओल्या झाल्या होत्या. छाती धडधडत होती. सगळं जागच्या जागी होतं. रक्त तपासलं असतं तर सगळे आकडे बरोबर निघाले असते.

“मुलगी आहे,” ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली, पुष्कळदा हलवली. वर्षाची होत आली असेल, म्हणाले. धरून उभी राहते का? राहते, ती म्हणाली. दात आले का? दोन, ती म्हणाली. एकामागून एक उत्तरं येत होती, कुठेही अडखळायला होत नव्हतं. ते उठून चाचपडत कपाटाशी गेले, एक मऊ पिवळं कापड काढलं, तिच्या हातात दिलं. कधीचं ठेवलंय, म्हणाले, माप नव्हतं म्हणून कात्री लावली नाही. मग टेबलाच्या खणातून टेप काढली. “आता टेपशिवाय होत नाही ग. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत किती आहे, हाताने दाखव.”

तिने टाचण्या टेबलावर ठेवल्या. एक हात आडवा धरला आणि दुसरा त्याच्यावर, थोडं अंतर ठेवून, हवेत. किती ठेवावं ते कळेना, म्हणून वरचा हात जरा खाली आणला. मास्तरांनी टेपचं टोक तिच्या वरच्या तळहाताला टेकवलं, टेप खाली सोडली आणि खालच्या हाताशी डोळा नेऊन पुष्कळ वेळ आकडा वाचत राहिले.

“पंधरा,” ते म्हणाले. “वाढत्या अंगाचं शिवू. सतरा धरतो.”

त्यांनी टेप काढून घेईपर्यंत तिने हात हलू दिले नाहीत.